शेवटच्या वाफ्यांपर्यंत पाणी

आमच्या पॉलीहाऊसला गावात कोणी पॉलीहाऊस म्हणत नाही, 'प्लॅस्टिकचं घर' म्हणतात. पैनगंगेच्या अलीकडच्या, तेलंगणातल्या आमच्या मराठी पट्ट्यात कपाशी आणि ज्वारी सोडून कोणी फारसं काही लावत नाही. त्यामुळे वावरात ते पांढरं छप्पर उभं राहिलं तेव्हा रस्त्यानं जाणारे लोक मोटारसायकल थांबवून बघायला उतरायचे. नवरा आदिलाबादजवळच्या मावल्याच्या एका ऑफिसात कारकून आहे. नोकरी लागल्यावर त्यानं जमिनीचा हा तुकडा घेतला, विहीर बांधून काढली आणि अनुदानाची दरखास्त मंजूर झाल्यावर हे प्लॅस्टिकचं घर उभं केलं. पण तो सकाळी डबा घेऊन निघून जायचा. मागे राहायचो आम्ही दोघी, मी आणि माझी सासू.

मी तेलुगू बोलणाऱ्या निर्मल शहरातल्या एका शिक्षकाची मुलगी. बी.एस्सी. झाले, काही वर्षं खाजगी शाळेत शिकवलं, शेतीतलं मात्र मला काडीचं कळत नव्हतं. सासूचं उलट. तिनं सगळी उमर दुसऱ्यांच्या वावरात निंदण आणि वेचणी करण्यात काढलेली. झाड तहानलेलं आहे की पाणी जास्त होऊन सुस्तावलं आहे, ते ती लांबून बघून सांगायची. पण नळ्यांवर तिचा भरवसा नव्हता. पाणी द्यायचं तर ते वाहताना दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. आमचं पाणी दिसायचंच नाही. विहिरीवरची मोटर ते उचलायची, फिल्टरमधून गाळून मोठ्या पाइपानं घरात आणायची, तिथून प्रत्येक वाफ्यावर एक काळी नळी जायची आणि नळीला बसवलेल्या ड्रिपरमधून ते थेंब थेंब मुळाशी पडायचं. सासू वाकून एखादा थेंब पडताना बघायची आणि म्हणायची, एवढ्यात तर चिमणीची तहान भागत नाही.

तरी काकडीचे वेल सुतळीला धरून चढले, फुलं आली, बोटाएवढ्या काकड्या लटकू लागल्या, तेव्हा तीच माझ्या आधी घरात शिरू लागली.

त्याच सुमारास गावाबाहेरची डीपी जळाली. डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. आमची विहीर, शेजारच्या दोन-चार विहिरी आणि गावाच्या कडेची पिठाची गिरणी, सगळ्यांची वीज त्या एकाच डीपीवरून यायची. उन्हाळा तोंडावर आलेला. नवी डीपी येईपर्यंत आम्ही दोघींनी विहिरीतून दोरानं पाणी काढून कळशीनं वेलांना घातलं. मग ट्रॅक्टरवरून नवी डीपी आली, लोकांनी नारळ फोडला, वीज आली. मी मोटरचं बटण दाबलं, मोटर फिरली, ड्रिपरमधून थेंब पडू लागले. संकट टळलं असं समजून मी घरी जाऊन झोपले.

पुढच्या काही दिवसांत घराच्या टोकाकडच्या वाफ्यांतले वेल दुपारी माना टाकू लागले.

सुरुवातीला मला वाटलं, ऊन आहे. उन्हात कोणतं झाड मान टाकत नाही? पण दाराजवळचे वेल त्याच उन्हात ताठ उभे होते. मग टोकाकडच्या काकड्या वाकड्या होऊ लागल्या, विळ्यासारख्या. पानं कडेनं करपली. मी फोनवर फोटो काढून आदिलाबादच्या औषधाच्या दुकानदाराला पाठवले. त्यानं तेलुगू-हिंदी मिसळून सांगितलं की ही मूळकूज आहे, लगेच औषध टाका. नवऱ्यानं येताना औषध आणलं, आम्ही मुळाशी ओतलं. वेल होते तसेच राहिले. मी एक मेलेला वेल उपटून बघितला तर मुळं पांढरी आणि निरोगी होती. फक्त त्यांच्या भोवतीची माती राखेसारखी कोरडी होती.

ती माती हातात घेतल्यावर मला पहिल्यांदा कळलं की हा रोग नव्हे, ही तहान आहे.

सासूला ते आधीच कळलं होतं. तिनं औषधाच्या बाटलीकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. ती विहिरीवरून कळशी भरून आणत होती आणि टोकाकडच्या वाफ्यांना लोटा लोटा पाणी घालत होती. मी तिला नको म्हटलं. या वयात एवढी ओझी कशाला, म्हटलं. ती थांबली नाही.

"तू शोध तुह्या पायपात काय झालं ते," ती म्हणाली. "तवरोक मी याह्यले जित्तं ठेवतो."

तेव्हापासून आमची कामं वाटली गेली. ती वेल जगवायची आणि मी कारण शोधायची.

मी स्वयंपाकघरातल्या सारख्या मापाच्या स्टीलच्या वाट्या नेल्या. दाराजवळच्या, मधल्या आणि शेवटच्या वाफ्यात ड्रिपरखाली एकेक वाटी ठेवली आणि मोटर चालू केली. दाराजवळची वाटी भरून वाहू लागली तेव्हा मधली निम्मी होती आणि शेवटच्या वाटीचा तळ जेमतेम ओला झाला होता. म्हणजे पाणी येत होतं, पण टोकापर्यंत पोचायचं बळ त्यात नव्हतं.

ड्रिपचं सामान बसवणाऱ्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, तुमच्या पाण्यात चुना असेल, ड्रिपर बुजले असतील, आम्लाचं पाणी सोडून नळ्या धुवा. ते खरंच असेल असं मला वाटलं, कारण आमच्या पाण्यानं पातेल्यालाही पांढरा थर बसतो. मी हातमोजे घालून, तोंडाला ओढणी बांधून, त्यानं सांगितलं तसं सगळं केलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक नळीचं शेवटचं टोक उघडून पाणी मोकळं सोडलं. पांढरट गाळ निघाला, पण थोडासा. नळ्या स्वच्छ झाल्या आणि पाणी होतं तितकंच मंद राहिलं. शेवटच्या नळीच्या उघड्या तोंडातून पाणी असं गळत होतं जसं लहान मुलाच्या तोंडातून लाळ. मी तिथेच मातीत बसले. सासू कळशी घेऊन माझ्या बाजूनं शेवटच्या वाफ्याकडे गेली.

शेजारचे पटेल बांधावर आले ते त्याच दिवशी. गावात त्या म्हाताऱ्यांना सगळे पटेल, म्हणजे पाटील, म्हणतात. त्यांचं वावर आमच्या बांधाला लागून आहे आणि माझ्या सासूनं त्यांच्या कपाशीत कितीतरी हंगाम काम केलं आहे. ते कधी आमच्या प्लॅस्टिकच्या घरात शिरले नव्हते. बांधावर काठी टेकून उभे राहिले आणि सासूला म्हणाले,

"तुमच्या या घरानं माही हीर पेली. आठ-पंधरा दिसापासून मोटरले पानी नाई."

सासू हातातली कळशी खाली न ठेवता उभी राहिली. मी पुढे होऊन म्हटलं की आमचं पाणी तर थेंबानं जातं, विहीर पिण्याइतकं नाही. ते माझ्याकडे न बघता म्हणाले की कापूस निघाल्यावर त्यांनी जनावरांसाठी चारा पेरला, आणि चाऱ्याला पाणी द्यायला मोटर लावली तर पाइपातून बारीकशी धार. आधी असं कधी झालं नव्हतं. आता नव्यानं झालेलं काय आहे, तर हे प्लॅस्टिकचं घर. एवढं बोलून ते निघून गेले. संध्याकाळपर्यंत गावात तेच झालं होतं, की त्या दोघींनी काकडीसाठी पटेलांची विहीर आटवली.

मला राग आला तो वेगळाच. आमच्या माणसांनी विहिरीवर हक्क सांगायचा नाही, असा जुना वास त्या बोलण्याला होता. पटेलांच्या मनात ते होतं की नव्हतं मला माहीत नाही. पण सासूच्या चेहऱ्यावर ते उमटलेलं मी बघितलं. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर कळशी भरायला गेली तेव्हा आधी इकडेतिकडे बघून घेतलं तिनं. आमच्याच विहिरीवर.

मी विहिरीत डोकावले. पाणी पायऱ्यांच्या ज्या खुणेला असायचं त्याच खुणेला होतं. म्हणजे आमचीही विहीर आटली नव्हती, आणि त्यांचीही आम्ही आटवलेली नव्हती. पण हे सांगून पटणार कोणाला?

आता पुढे काय, हे शोधताना माझी नजर फिल्टरवरच्या घड्याळांवर गेली. पाण्याचा दाब दाखवणारी दोन छोटी घड्याळं तिथे बसवलेली आहेत, एक फिल्टरच्या आधी, एक नंतर. बसवणाऱ्यानं ती दाखवली होती आणि मी मान हलवून विसरले होते. आता मी मोटर चालू करून त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि शाळेत मुलांना समजावायची तसं स्वतःला समजावलं. फिल्टर तुंबला असता तर आधीच्या घड्याळात दाब जास्त दिसला असता आणि नंतरच्यात कमी. नळ्या तुंबल्या असत्या तर दोन्हीत जास्त दिसला असता, कारण पाण्याला पुढे वाट नसती. इथे दोन्ही काटे तळाशी शेजारी शेजारी पडले होते, दमलेल्या बैलांसारखे. म्हणजे फिल्टर ठीक, नळ्या ठीक, ड्रिपर ठीक. पाणी मुळातच बळ न घेता निघत होतं. दोष मागे होता, मोटरपाशी.

इतके दिवस मी रोग्याचे पाय चेपत होते आणि दुखणं छातीत होतं.

रविवारी नवऱ्याला सुट्टी होती. मी त्याला सगळं सांगितलं. तो दोर धरून विहिरीत उतरला, पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या तोंडाशी जी झडप असते ती काढून त्यानं शेवाळ साफ केलं. बाहेर येऊन मोटर चालू केली. काटे हलले नाहीत. वायरमननं येऊन वीज तपासली, तिन्ही तारांत ती बरोबर येत होती. नवरा ओल्या कपड्यांनी ओट्यावर बसला आणि म्हणाला की मोटरच गेली असावी, आदिलाबादला नेऊन खोलावी लागेल. मोटर नेली की परत येईपर्यंत सगळं घर कोरडं पडणार होतं, एकट्या कळशीनं ते जगलं नसतं. मी त्याला म्हटलं, मला उद्याचा दिवस द्या.

सोमवारी घरात पीठ संपलं होतं. सासूनं ज्वारीची पिशवी माझ्या हातात दिली. मी गिरणीवर गेले, रांगेत पिशवी ठेवली आणि उभी राहिले. गिरणीवाला एका बाईशी कुरकुरत होता. ती मागच्या खेपेला दळण जाडंभरडं आल्याची तक्रार करत होती, आणि तो म्हणत होता की त्यात त्याचा दोष नाही. नवी डीपी बसवल्यावर गिरणीचा पट्टा उलटा फिरायला लागला होता, पीठ नीट पडेना, मग वायरमनला बोलावून तारा बदलून घेतल्यावर चक्की सुलटी झाली. "डीपीवाल्यानं तारा इकडच्या तिकडं जोडल्या," तो म्हणाला, "आन भोगून राह्यलो आमी."

मी पिशवी तशीच रांगेत सोडून निघाले. बाहेर पडल्यावर चालत होते की पळत होते, आठवत नाही. डोक्यात एकच गोष्ट होती, की गिरणी उलटी फिरली तर पीठ बिघडतं म्हणून लगेच कळतं. पण पंपाची मोटर उलटी फिरली तर? पाणी तरीही येतं. कमी येतं, पण येतं. आणि आलेलं पाणी बघून माणूस निवांत झोपतो. पटेलांची मोटरही त्याच डीपीवर होती.

विहिरीवर जाऊन मी मोटर चालू केली, जरा वेळ चालू दिली आणि बंद केली. मोटरच्या मागच्या टोकाला जाळीआड एक पंखा असतो. चालू असताना तो नुसता धूसर दिसतो, पण बंद केल्यावर हळू होत जातो आणि पाती मोजता येतील इतका मंदावतो. मी त्याच्याकडे एकटक बघत होते. तो कुठल्या बाजूनं फिरतोय ते नीट दिसलं. मग मी मोटरच्या अंगावरचा चिखल खरवडला. चिखलाखाली रंग होता, रंगाखाली लोखंडात उठवलेला बाण. बाण एकीकडे जात होता आणि पंखा दुसरीकडे गेला होता.

पुन्हा चालू केली, पुन्हा बंद केली, पुन्हा बघितलं. परीक्षेचा निकाल दोनदा वाचतात तसं. मग मी सासूला हाक मारली. ती कळशी घेऊन आली, आणि मी तिला बाण दाखवला. बाण म्हणजे काय हे तिला सांगावं लागलं नाही.

"उलटी फिरून राह्यली?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

तिनं कळशी खाली ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती भरलेली असताना खाली ठेवली.

वायरमनला फोन केला तेव्हा तो जवळच्याच वावरात होता. आला, जयभीम वैनी म्हणाला, पंखा बघितला आणि कपाळाला हात लावून हसला. गिरणीच्या तारा त्यानंच बदलून दिल्या होत्या. आमच्याकडे आला तेव्हा तिन्ही तारांत वीज आहे एवढंच त्यानं बघितलं होतं, कोणत्या क्रमानं आहे हे बघायचं सुचलं नव्हतं. त्यानं मेन बंद केला, फ्यूज काढून खिशात ठेवले, स्टार्टर उघडला आणि तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली. चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

"दाबा वैनी," तो म्हणाला.

मी बटण दाबलं. आवाजच वेगळा आला. आतापर्यंत मोटर पुटपुटत होती, आता ती बोलली. आम्ही तिघं फिल्टरकडे गेलो. दोन्ही काटे एका झेपेत उठले आणि वर जाऊन थांबले. मी घरात धावले. वाफ्यांवरच्या मलूल नळ्या एकामागून एक ताठ होत गेल्या, साप अंग ताणतो तशा. शेवटच्या वाफ्यावर पोचले तर तिथल्या प्रत्येक ड्रिपरमधून थेंब पडत होता, दाराजवळ पडतो तसाच, तितक्याच घाईनं. आणि नळीचं टोक मी घाईत सैल बंद केलेलं होतं, ते या दाबानं उडालं. पाण्याची लांब धार सरळ सासूच्या अंगावर गेली. ती डोक्यापासून पायापर्यंत भिजली, पदरानं तोंड पुसलं आणि हसायला लागली. मी तिला तसं हसताना आधी बघितलं नव्हतं. हसता हसता ती त्या धारेखालीच उभी राहिली, बाजूला झालीच नाही.

"दिसलं बा पानी," ती म्हणाली.

वायरमन निघत होता, त्याला मी थांबवलं. पटेलांकडे जायचं होतं. सासू म्हणाली, कपडे बदलून मीही येते. मला वाटलं होतं ती यायची नाही.

पटेल त्यांच्या ओसरीत बसले होते. मी त्यांना सांगितलं की तुमची विहीर आटली नाही, तुमची मोटर उलटी फिरते आहे, आमचीही फिरत होती. त्यांना ते खरं वाटलं नाही. पण ते उठले, काठी घेतली आणि आमच्यासोबत विहिरीवर आले. वायरमननं तारा बदलल्या. त्यांच्या मोटरला मोठा पाइप आहे, त्यामुळे पाणी आलं ते मनगटाएवढं नाही, मांडीएवढं आलं. चाऱ्याच्या वाफ्यात ते असं शिरलं की पहिला बांध फुटला.

मग पटेल सासूकडे वळले. "माहं चुकलं बाई," ते म्हणाले. "घरी चला, चहा घेऊन जा."

ओसरीत त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. चहा त्यांच्या सुनेनं आणला, सगळ्यांना सारखे कप. सासूनं सावकाश पूर्ण कप संपवला, खाली ठेवला आणि त्यांना आमच्या घरातल्या वेलांबद्दल सांगायला लागली. कोणता वेल कसा मेला, कोणता कसा वाचवला. पटेल ऐकत होते, मधेच विचारत होते. वाटेनं परत येताना ती म्हणाली की चहात साखर जरा जास्तच होती.

टोकाकडचे काही वेल वाचले नाहीत. बाकीच्यांनी नवी पानं धरली, आणि वाकड्या काकड्या संपून सरळ लागू लागल्या. सकाळी पानांआड हात घातला की गार, काटेरी, लांबसडक काकडी हातात यायची. गावातल्या बाया आधी बांधावरून बघायच्या, आता दार उघडून आत येतात. सासू त्यांना घड्याळापाशी नेऊन काटा कुठे असला म्हणजे सगळं ठीक, ते समजावून सांगते. पटेल स्वतः एकदा आत आले, मान वर करून छपराकडे बघत फिरले आणि विचारलं की चाऱ्याला अशा नळ्या चालतील का.

पहिला मोठा तोडा निघाला तेव्हा नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. मी क्रेट ऑटोत चढवले आणि ऑटोवाल्याच्या बाजूला बसून आदिलाबादच्या बाजारात गेले. व्यापाऱ्यानं एक काकडी उचलली, मोडली, चाखली आणि हिंदीत विचारलं की माल कोणाचा आहे.

मी तेलुगूत सांगितलं, माझा आहे, आणि भावही मीच सांगितला.